पाळकीणबाईंच्या कामाची नोंद

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एखाद्या वयोवृद्ध पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, प्रभूघरी गेल्या, की स्मरणोपासनेत काय बोललं जाणार हे बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. त्या प्रेमळ होत्या. प्रार्थनाशील होत्या. पाळकसाहेबांच्या सेवेत त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. मुलांना प्रभूच्या भयात वाढवलं. दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही. मग बायबलमधल्या नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचला जातो, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत म्हटलं जातं, चहा होतो आणि लोक आपापल्या घरी जातात. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. पण एवढं सगळं ऐकूनही त्या बाईंनी चाळीस वर्षं नेमकं काय काम केलं, हे काही कळत नाही.

मला वाटतं, हा निव्वळ भाषणांचा दोष नाही. आपण पाळकीणबाईंना भक्तीसाठी आठवतो, मायेसाठी आठवतो, कुटुंबाची वडीलधारी म्हणून आठवतो. कामासाठी आठवत नाही. काम एकदा कबूल केलं की त्याचं देणंही कबूल करावं लागतं. मंडळीवर त्यांचं देणं आहे आणि ते गेल्या कित्येक पिढ्यांपासून थकलेलं आहे. मला या लेखात एवढंच मांडायचं आहे.

हे काम काय असतं ते बाहेरच्या वाचकासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी. त्याची तयारी शनिवारी संध्याकाळी पाळकांच्या स्वयंपाकघरात सुरू होते. काळ्या मनुका निवडून, धुऊन, पाण्यात उकळत ठेवायच्या. मऊ झाल्या की कुस्करून स्वच्छ पंच्यातून पिळून घ्यायच्या. रस गार झाला की बाटलीत भरायचा. पावाच्या कडा काढून त्याचे नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, नाहीतर सकाळपर्यंत कडक होतात. मेजावरचा पांढरा कपडा नीळ देऊन, इस्त्री करून ठेवायचा. छोटे पेले मोजून घ्यायचे. रविवारी सकाळी पाळकसाहेब झगा घालून ते ताट उचलतात, पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, ते रांगारांगांतून फिरवतात. उपासना संपल्यावर चिकट झालेले पेले पुन्हा त्याच स्वयंपाकघरात येतात. ज्या हातांनी सगळं तयार केलं त्यांनी ताट मात्र कधी धरायचं नाही, अशी आपल्याकडची जुनी रीत.

हे झालं महिन्यातून एकदाचं. बाकी रोजचं आहेच. रविवारची शाळा, महिला मंडळाची सभा, नाताळचं नाटक, बाळंतिणीला डबा, दवाखान्यात बसणं, मयताच्या घरी पहिला चहा. नवऱ्याने मारलेली बाई रात्री दहा वाजता पाळकांच्या दारी येते तेव्हा ती पाळकसाहेबांशी बोलत नाही, आत स्वयंपाकघरात जाऊन बसते. खेड्यातून शहरात शिकायला आलेले भाचे-पुतणे, आणि नात्याचं नाव सांगता येणार नाही अशीही मुलं, तिच्याच हातचं खाऊन मॅट्रिक झालेली असतात. शिवाय पाळकांचा पगार पुरत नाही म्हणून मिशनच्या शाळेत शिक्षिका किंवा दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी होत्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं. आणि दर चार-पाच वर्षांनी पाळकांची बदली झाली की त्यांची नोकरी, मुलांची शाळा, अंगणातली भाजी, सगळं सोडून नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं.

नगर जिल्ह्यातल्या अशा एका बाईंची वही मी लहानपणी पाहिली आहे. शंभर पानी, शाळेतल्यासारखी, वर खाकी कव्हर. आत गल्लीवार घरं लिहिलेली. प्रत्येक घरापुढे बारीक अक्षरात दोन-चार शब्द: सातवा महिना. फी दोन महिने बाकी. दारू सुटली. खाली दुसऱ्या शाईत: पुन्हा लागली. सासूशी बोलणे झाले. टीबी, औषध सहा महिने. मंडळीच्या कचेरीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं होती आणि ती आजही कपाटात नीट आहेत. गावाचं खरं दुखणंखुपणं मात्र या वहीत होतं. बाई गेल्यावर घर रिकामं करताना ती रद्दीत गेली. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण ते दप्तर आहे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ही सवय आपण काही आज लावून घेतलेली नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरात त्यांचं काम सुरू झालं. त्यांना पाठवणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या याद्यांत मिशनऱ्याच्या बायकोचं नाव यायचं ते सहायक मिशनरी म्हणून. पगार विवाहित माणसाचा, म्हणजे नवऱ्याच्या नावाने. बाई मुलींची शाळा चालवत असेल, भाषा शिकून पुस्तकं तयार करत असेल, तरी खातं एकच. सिंथिया फरार हे नाव आपल्याला आज माहीत आहे. नगरची तिची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. फरारबाई अविवाहित होत्या, १८२७ साली त्यांची नेमणूक त्यांच्या स्वतःच्या नावाने झाली होती. त्याच काळात, त्याच गावांत तेच काम करणाऱ्या मिशनरी बायका होत्या. त्यांची नावं नवऱ्यांच्या नावांत विरून गेली. देशी पाळक तयार झाले तेव्हा हीच पद्धत त्यांच्याकडे जशीच्या तशी आली. घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाईला चार रुपये का होईना पण पगार होता, कारण ती नेमलेली होती. पाळकीणबाईला कुणी नेमलं नव्हतं. ती लग्न करून आली होती.

त्याही मागे जायचं तर प्रॉटेस्टंट पाळकाच्या घराची सुरुवातच बघावी. जर्मनीत प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२५ साली कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केलं. विटेनबर्गचा रिकामा झालेला मठ हेच त्यांचं घर झालं. तो अवाढव्य संसार तिने चालवला. गुरं पाळली, शेती विकत घेऊन कसली, बिअर गाळली, विद्यार्थ्यांना पैसे घेऊन जेवायला-राहायला ठेवलं, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. जेवणाच्या टेबलावर ल्यूथर जे बोलायचा ते पंक्तीतली माणसं टिपून घेत. ती टिपणं पुढे छापली गेली आणि आजही वाचली जातात. ते जेवण कुठून येत होतं ते कॅथरिनाला ठाऊक होतं. ल्यूथरने तिला लिहिलेली पत्रं जपली गेली, तिने त्याला लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही.

ल्यूथरला तिची किंमत कळत होती, हे मुद्दाम सांगायला हवं. मृत्युपत्रात त्याने तिलाच वारस केलं. पण सॅक्सनीच्या कायद्यात ते बसत नव्हतं. १५४६ साली तो गेला, त्याचा पगार थांबला, पाठोपाठ युद्ध आलं. तिला गाव सोडून पळावं लागलं. परत आली तेव्हा शेतं उजाड झाली होती, गुरं गेली होती. १५५२ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला म्हणून ती टोरगाऊला निघाली, वाटेत गाडीच्या अपघातात जबर जखमी झाली आणि त्याच डिसेंबरात वारली. नवऱ्याचं प्रेम होतं, आदर होता, लेखी इच्छाही होती. व्यवस्था मात्र तिच्या बाजूची नव्हती, आणि तिच्या कामी आली असती ती व्यवस्थाच.

आपल्या मराठीत या बाबतीत एक मोठा अपवाद आहे, आणि तो अपवाद कसा घडला हे पाहण्यासारखं आहे. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर, नातलगांकडे राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने त्यांच्याकडे परत आल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नव्हता. दारी येणाऱ्यांचा, पोरक्या पोरांचा राबता त्यांच्या घरात कायम होता. हा संसार लक्ष्मीबाईंनी ओढला. १९१९ साली टिळक गेले. त्यानंतर काही वर्षांनी मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून लक्ष्मीबाई लिहायला बसल्या. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात अशी आहे. नवऱ्याच्या चरित्राचं साहित्य गोळा करता करता बाईची स्वतःची गोष्ट लिहून झाली आणि १९३४ पासून ती भागाभागाने छापली गेली. जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या एका पाळकीणबाईंनी मराठी गद्यातलं एक अव्वल पुस्तक दिलं. चरित्रासाठी आठवणी मागितल्या गेल्या नसत्या तर?

आणि एवढ्या मोठ्या लेखिकेच्या बाबतीतही आपला हात आखडताच राहिला आहे. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य म्हटलं की नाव निघतं टिळकांचं. टिळकांनी सुरुवातीचे दहाएक अध्याय लिहिले होते. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी लिहून काव्य पुरं केलं. किती मंडळ्यांमध्ये हे सांगितलं जातं?

पुण्याच्या फ्रान्सिना सोराबजींचंही असंच. रेव्हरंड सोराबजी खरसेदजींच्या या पत्नीने १८७६ साली व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं, वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी आणखी शाळा चालवल्या आणि शिवाय मोठं कुटुंब वाढवलं. मुलींना कर्तबगार केलं. ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेलेली पहिली स्त्री म्हणून कॉर्नेलिया सोराबजींचं नाव सगळीकडे घेतलं जातं. आईची ओळख आता कॉर्नेलियाची आई एवढीच उरली आहे.

या माझ्या म्हणण्यावर सगळ्यात आधी येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो घरातूनच येतो. ती सेवा होती. सेवेचा हिशेब मांडला की सेवेचं पावित्र्य जातं. बाईंनी स्वतःच कधी काही मागितलं नाही, आता त्यांच्या माघारी तुम्ही कोण मागणारे?

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण ज्या बाया हे काम करत होत्या त्यांची श्रद्धा खरी होती. शनिवारी रात्री मनुका पिळताना गुणगुणणारी बाई स्वतःला राबणारी समजत नव्हती. प्रभूचं मेज मांडायला मिळतंय यात तिला धन्यता होती. पण पाळकसाहेबांची सेवाही सेवाच आहे ना? त्यांना महिन्याचा पगार मिळतो, राहायला घर मिळतं, निवृत्तीची तारीख असते, निरोप समारंभ असतो. त्यामुळे त्यांची सेवा उणी ठरते असं कुणी म्हणत नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हे शास्त्रवचन पाळकांच्या पगाराचा विषय निघाला की पंचांपुढे वाचलं जातं आणि ते योग्यच आहे. तेच वचन पाळकीणबाईपर्यंत पोचायच्या आत त्याचा जोर का ओसरतो?

ज्या नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायाने आपण त्यांना निरोप देतो, तो अध्यायही आपण अर्धाच ऐकतो. तिचं मोल मोत्यांहून अधिक, इथे आपले डोळे भरून येतात. पुढे काय आहे? ती बाई शेत पारखून विकत घेते. आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तागाची वस्त्रं विणून विकते, व्यापाऱ्यांना कमरबंद पुरवते. तिचा नवरा वेशीत वडील लोकांत बसतो तो तिच्या या कारभाराच्या जोरावर. आणि अध्याय संपतो तो स्तुतीवर नाही, मागणीवर संपतो: तिच्या हातांचं फळ तिला द्या, तिची कामंच वेशीत तिची वाखाणणी करोत. म्हणजे तिच्या कामाची वाच्यता घरात नाही, जिथे गावचे निर्णय होतात तिथे व्हायला हवी. आपल्याकडे ती जागा म्हणजे पंच कमिटी आणि धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांची, सभा.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एका बाईचं मरण आहे. यापोची टबीथा. ती आजारी पडून वारते, तिला माडीवरच्या खोलीत ठेवतात, येशूचा शिष्य पेत्र याला बोलावणं जातं. पेत्र येतो तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि टबीथाने शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवतात. ती किती प्रेमळ होती यावर तिथे कुणी भाषण केल्याचं लिहिलेलं नाही. कपडे दाखवले. ही शिवण बघा, हे तिने केलंय. टबीथा कुणाची बायको होती हेही तिथे सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही पडलेली नाही. स्मरणोपासना कशी असावी याचा याहून चांगला धडा मला शास्त्रात सापडलेला नाही.

आता घराचा प्रश्न. हा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय आहे. पाळकांचा बंगला मंडळीचा असतो. पाळक नोकरीत असताना वारले तर नव्या पाळकांना जागा लागते. मग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, त्या बाईने ते घर सोडायचं असतं. ज्या घरात तिने अख्ख्या गावाला जेवू घातलं, तिथे ती एका दिवसात पाहुणी होते. आयुष्यभर बदल्यांवर फिरल्यामुळे स्वतःचं घर बांधलेलं नसतं. स्वतःची नोकरी बदल्यांपायी तुटली असेल तर पेन्शनही नसते. मग मुलगा नाहीतर मुलगी. मुलं बहुतेक चांगली निघतात, आईला सन्मानाने ठेवतात, आणि मंडळी म्हणते, देवाने सोय केली. सोय मुलांनी केलेली असते. मंडळीचं काम मुलांनी केलं, हे मंडळीने निदान मान्य तरी करावं. पाळकाच्या विधवेला ठरावीक मुदतीपर्यंत घर आणि तहहयात ठरावीक रक्कम, हे नियमात लिहिलेलं असलं पाहिजे. नाताळच्या वेळी वर्गणी काढून साडी आणि पाकीट देणं हा त्याला पर्याय नाही. वर्गणी उपकार म्हणून येते. हक्काचे पैसे खात्यात जमा होतात आणि त्यासाठी कुणापुढे उभं राहावं लागत नाही.

तरुण पाळकांच्या बायकांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आज त्यातल्या पुष्कळ जणी बँकेत, शाळेत, आयटीत नोकरी करतात. महिला मंडळाची अध्यक्ष ही पाळकीणबाईच असणार हे कुणी न विचारताच ठरलेलं असतं. जमलं नाही तर बोलणी पाळकांना बसतात: बाईसाहेब मिसळत नाहीत. मंडळीला हे काम हवं असेल तर ते काम म्हणून लिहून काढावं, त्याला मानधन ठेवावं आणि ज्याला-जिला ते करायचं असेल त्याने-तिने ते घ्यावं. मानधन परवडत नसेल तर मंडळीतल्या सगळ्यांनी ते काम वाटून घ्यावं. लग्नाच्या दाखल्याबरोबर नेमणूकपत्र येत नसतं.

ज्यांना हे टोकाचं वाटेल त्यांनी एवढंच पाहावं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं आणि आज त्यात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. ज्या मंडळीत बाई पाळक आहेत तिथे त्यांच्या यजमानांकडून कोण कसली अपेक्षा करतं? त्यांनी रविवारची शाळा घ्यावी, प्रभुभोजनाचे पेले धुवावेत, बाळंतिणीला डबा न्यावा, असं कुणाच्या मनातही येत नाही. ते आपली नोकरी करतात, रविवारी बाकावर बसतात आणि सगळे त्यांना मान देतात. म्हणजे पाळकाच्या जोडीदारावर हे काम देवाने टाकलेलं नाही. ते बायकांवर आपण टाकलं आहे.

हे सगळं धर्मप्रांताच्या सभेत ठराव होऊन यायला वेळ लागेल. नोंदीचं काम त्यासाठी थांबायला नको आणि थांबवूनही चालणार नाही. ज्या पिढीने १९५० आणि ६० च्या दशकांत संसार थाटले, त्या पिढीतल्या मोजक्याच पाळकीणबाई आता आपल्यात आहेत. नगर, सोलापूर, मिरज, जालना, पुणे, मुंबई, कुठे ना कुठे मुलाच्या फ्लॅटमध्ये त्या आहेत. त्यांची आठवण चांगली आहे, ऐकायला कमी येत असेल. मंडळीतल्या तरुण मुलामुलींनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्याशेजारी बसावं. पाळकसाहेब कसे होते हे विचारू नये. ते त्या आपण होऊनच सांगतील. त्यांना विचारावं: तुमचं माहेरचं नाव काय? किती शिकला होतात? लग्नाआधी काय करायचं मनात होतं? कोणकोणत्या गावी बदली झाली, प्रत्येक गावी काय काम केलंत, किती पोरं शिकवलीत? घरात कोण कोण राहून गेलं? पगार किती होता आणि महिनाअखेर कशी काढायचात? कोणाशी भांडावं लागलं? पंचांनी तुमचं काय ऐकलं नाही? १८४२ पासून निघत आलेल्या ‘ज्ञानोदया’सारख्या ख्रिस्ती नियतकालिकांनी अशा मुलाखतींना पानं द्यावीत, आणि मंडळीच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या रजिस्टराशेजारी त्यांची एक वेगळी फाइल ठेवावी, त्यांच्या स्वतःच्या नावाने.